पीएफची पेन्शन: कधी सुरू करायची आणि फॉर्म १०डी कसा भरायचा

ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबर येणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन ज्या आकड्यावर सुरू होते, त्याच आकड्यावर ती शेवटपर्यंत राहते. सरकारी नोकरांसारखा महागाई भत्ता तिला नाही, दरवर्षीची वाढ नाही. २००८ पर्यंत पेन्शनीचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता यायचे, ती सोयही गेली. म्हणजे कुठल्या वयात सुरू करायची, एवढीच एक गोष्ट आपल्या हातात उरते. आणि हा निर्णय माणसं कंपनीच्या गेटवर कुणीतरी बोललेल्या एका वाक्यावर घेऊन टाकतात. ते बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय सगळं आमच्याच टेबलावर. निवृत्त होणाऱ्या कामगारांचे फॉर्म मी भरून द्यायचे. आता स्वतः पेन्शन घेते, आणि ओळखीतले लोक कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. खाली लिहिलंय ते खासगी नोकरीतल्या, पीएफ कापला जाणाऱ्या माणसांसाठी आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषद, शिक्षक, पोलीस यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी यातलं काही स्वतःला लावू नये.

आधी पेन्शन कशी ठरते ते

तुमच्या पगारातून १२ टक्के कापतात ते सगळे तुमच्या पीएफला जातात. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण तेही पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच. १ सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० रुपये आहे, त्याआधी २००१ पासून ६,५०० होती. म्हणून पगार चाळीस हजार असला तरी पासबुकात पेन्शनच्या रकान्यात महिन्याला १,२५० रुपयेच दिसतात.

त्या रकान्याची बेरीज करून "माझे एवढे पैसे पेन्शनमध्ये पडलेत, ते मला परत कधी?" असं लोक विचारतात. ती तुमच्या नावावरची ठेव नाही. पेन्शन त्या बेरजेवर ठरत नाही, नोकरीच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, तीही मर्यादेच्या आतच. आणि २०१४ च्या आधीची सेवा असेल तर ती वर्षं जुन्या ६,५०० च्या मर्यादेने मोजतात, नंतरची १५,००० च्या.

एक उदाहरण घेऊ, पुढेही तेच वापरेन. एक माणूस १ सप्टेंबर २००६ ला लागला आणि ३१ ऑगस्ट २०२५ ला सुटला. मूळ पगार मर्यादेच्या वरच होता. आधीची ८ वर्षं गुणिले ६,५०० भागिले ७०, म्हणजे ७४३ रुपये. नंतरची ११ वर्षं गुणिले १५,००० भागिले ७०, म्हणजे २,३५७. दोन्ही मिळून ३,१०० रुपये महिना. एकोणीस वर्षं घाम गाळून एवढेच, हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. पण खरा आकडा आधी समजलेला बरा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरवायचं आहे.

१९९५ च्या नोव्हेंबरच्या आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्या जुन्या सेवेबद्दल वेगळी ठरावीक रक्कम जोडून मिळते. आणि ५८ व्या वर्षी निवृत्त होताना सेवा २० वर्षं किंवा जास्त भरली असेल, तर २ वर्षं फुकटची धरतात. म्हणून कुणाची सेवा अठरा-एकोणीस वर्षांवर आली असेल आणि तो वैतागून राजीनामा खरडत असेल, तर मी त्याला बसवून हेच सांगते: अंगात बळ असेल तर वीस पूर्ण कर.

कमीत कमी १० वर्षं सेवा हवी. सहा महिने किंवा त्याहून जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरलं जातं, त्यामुळे साडेनऊ वर्षं झालेला माणूसही पात्र ठरतो. दहा वर्षं भरत नसतील तर फॉर्म १०सी भरून पैसे काढता येतात. पण नोकरी बदलताना दर वेळी १०सी भरून पैसे काढत गेलात, तर मागची सगळी सेवा पुसली जाते. पाच वर्षं इथे, सहा वर्षं तिथे, चार वर्षं आणखी कुठे अशी नोकरी केलेली माणसं पन्नाशीला आली की हात चोळत बसतात, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्यांना "काढून घे, नंतर मिळत नाही" असं सांगितलेलं असतं. नोकरी बदलली तर खातं नव्या कंपनीकडे वळवून घ्या. मध्येच नोकरी सुटली आणि पुढे लागायची शक्यता दिसत नसेल, तर त्याच १०सी मध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. त्यात तुमची वर्षं सुरक्षित राहतात.

हेही सांगून ठेवते की पीएफची रक्कम पूर्ण काढून घेतली तरी पेन्शनचा हक्क जात नाही. पीएफ आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत.

पन्नास, अठ्ठावन्न की साठ

पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. नोकरी सुटलेली असेल आणि वय ५० च्या वर असेल तर आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर भरून येत नाही, जन्मभर चालते. पुष्कळांना वाटतं की अठ्ठावन्न झाल्यावर पेन्शन आपोआप पूर्ण होईल. होत नाही.

उलट बाजूला, ५८ नंतर थांबायची तयारी असेल तर ५९ पर्यंत किंवा ६० पर्यंत पेन्शन पुढे ढकलता येते. वर्षाला ४ टक्के वाढ, ६० ला ८.१६ टक्के. साठच्या पुढे थांबून काही मिळत नाही. नोकरी चालू असेल तर या दोन वर्षांत पेन्शन योजनेत पैसे भरत राहायचाही पर्याय आहे. मग ती वर्षं सेवेतही धरली जातात. मात्र ते पैसे एरवी तुमच्या पीएफमध्ये पडले असते, हे विसरू नका.

आता आपल्या ३,१०० वाल्या माणसाकडे येऊ. समजा तेवढीच सेवा झाली आणि पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सुटली. तेव्हाच पेन्शन घेतली तर सुमारे १२ टक्के कमी, म्हणजे २,७३० च्या आसपास. तीन वर्षांत त्याच्या हातात साधारण ९८,००० रुपये जास्त पडतात. पुढे दर महिन्याला ३७० रुपये कमी. हे ९८ हजार ३७० ने फिटायला बावीस वर्षं लागतात, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत लवकर घेणारा पुढेच असतो.

साठपर्यंत थांबला तर ३,१०० चे ३,३५३ होतात. दोन वर्षांचे ७४,४०० रुपये सोडून महिन्याला २५३ रुपये वाढवले. ते भरून यायला साडेचोवीस वर्षं, म्हणजे चौऱ्याऐंशी उलटून जाते. यात व्याज आणि महागाई धरलेली नाही. ती धरली तर थांबण्याचा फायदा आणखी लांब जातो, कारण पंचवीस वर्षांनी मिळणाऱ्या अडीचशे रुपयांत तेव्हा भाजीची पिशवीही भरणार नाही.

एवढं वाचून "मग पन्नासलाच घेऊन टाकू" असं कुणाला वाटेल. माझं मत तसं नाही, आणि त्याचं कारण घरातली बाई आहे.

पेन्शनर गेला की पत्नीला, किंवा बाई पेन्शनर असेल तर पतीला, त्या वेळी चालू असलेल्या पेन्शनीच्या निम्मी रक्कम मिळते, किमान १,००० रुपये. म्हणजे तुम्ही पंचावन्नला घेतलेली कपात तुमच्याबरोबर संपत नाही, ती मागे राहणाऱ्याच्या पेन्शनीतही उतरते. आपल्याकडे बायको बहुधा चार-सहा वर्षांनी लहान असते आणि नवऱ्यामागे पुष्कळ वर्षं काढते. हिशेब करताना एकट्याचं वय धरू नका, दोघांचं धरा. आणि तो हिशेब तिच्यासमोर बसून करा. कामगार एकटे आले तर मी त्यांना सांगायचे, "दादा, उद्या वहिनींना घेऊन या." काहींना राग यायचा, पण यायचे.

माझ्या नजरेसमोर दोन माणसं आहेत. एक प्रेस शॉपमधले काका. त्रेपन्नाव्या वर्षी किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं, काम सुटलं. त्यांना मी एक दिवसही थांबू नका म्हटलं. दर महिन्याला औषधाला हात पसरण्यापेक्षा स्वतःचे दोन हजार रुपये हातात असणं त्यांच्यासाठी फार मोठं होतं. दुसरा आमच्याच मेंटेनन्समधला भाऊ. चोपन्नला कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. बायको अंगणवाडीत, घर स्वतःचं, मुलगा कमावता. त्याला पेन्शन घ्यायची घाई होती ती फक्त "आपलेच पैसे आहेत, सरकारकडे का ठेवायचे" म्हणून. आम्ही तिघांनी बसून आकडे मांडले. त्याची बायको म्हणाली, घर चालतंय तोवर हात लावू नका. तो अठ्ठावन्नपर्यंत थांबला.

म्हणून मी तरी असं सांगते. दुखणं असेल, घरात दुसरं उत्पन्न नसेल, किंवा सावकारी व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर लवकर घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. घर चालत असेल तर ५८. साठपर्यंत थांबणं अगदी थोड्यांसाठी: पगार चालू आहे, प्रकृती ठणठणीत आहे, आणि जोडीदार वयाने बराच लहान आहे, अशांसाठी.

पेन्शन वाढेल म्हणून अर्ज लांबवणाऱ्यांनाही दोन शब्द. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० करा आणि महागाई भत्ता द्या, ही पेन्शनरांची मागणी अगदी रास्त आहे. आपल्या बुलढाण्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यासाठी साखळी उपोषणं केली आहेत. पण त्या आशेवर स्वतःचा अर्ज अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पूर्ण पगारावर पेन्शन मिळवण्याचा जो मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने काहींना खुला झाला होता, त्याचे अर्जही २०२३ मध्येच बंद झाले.

फॉर्मच्या आधी नोंदी

अर्ज परत येतात ते फॉर्म चुकला म्हणून क्वचित. नोंदी जुळत नाहीत म्हणून येतात. निदान एक वर्ष आधी, सत्तावन्न लागलं की, यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) वापरून पीएफच्या पोर्टलवर लॉगिन करून सगळं तपासा.

नाव आणि जन्मतारीख आधारवर, पीएफमध्ये, बँकेत अक्षर न अक्षर सारखी हवी. आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेलाच. एकीकडे आडनाव पुढे, दुसरीकडे मागे; कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. बायकांचं तर विचारू नका. नोकरीला लागताना माहेरचं नाव, आधारवर सासरचं. माझंही असंच होतं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून मी ते निवृत्तीच्या खूप आधी करून घेतलं. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. जुन्या खात्यांची दुरुस्ती जॉइंट डिक्लेरेशनने, म्हणजे तुम्ही आणि कंपनी दोघांच्या संमतीने होते. कंपनीत तुम्हाला ओळखणारं माणूस टेबलावर आहे तोवर ते उरका. तुम्ही सुटल्यावर तिथे नवीन मुलगा येतो, त्याला तुमच्या जुन्या फायलीचा पत्ता नसतो.

मग सेवेचा इतिहास बघा. आधीच्या प्रत्येक कंपनीची लागल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे दिसली पाहिजे. सोडल्याची तारीख कंपनीने टाकलीच नसेल, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ती पोर्टलवर नोंदवू शकता. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या असतील तर तेही आत्ताच निस्तरा. आणि जुन्या कंपनीची सेवा नव्या खात्यात वळली का ते बघताना नुसती पीएफची रक्कम आली म्हणून खूश होऊ नका. पेन्शनची वर्षं आली का ते बघा.

५८ पूर्ण झाल्यावरही नोकरी चालू असेल तर त्या महिन्यापासून कंपनीने पेन्शनच्या रकान्यात पैसे टाकणं थांबवून सगळे पीएफला वळवायचे असतात, तुम्ही पुढे भरायचा पर्याय घेतला नसेल तर. एका कारखान्यात हे कुणी बघितलंच नाही. पुढे कित्येक महिने वर्गणी चुकीच्या रकान्यात जात राहिली, आणि तिथल्या माणसाचा दावा त्या दुरुस्तीपायी अडकला. पगाराच्या टेबलावर जाऊन आपली जन्मतारीख स्वतः आठवण करून द्यायला काही कमीपणा नाही.

ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसांची ऑनलाइन नोंद, भरलेलं हवं. त्यात पत्नी किंवा पती आणि पंचवीसच्या आतली मुलं लिहा. पेन्शनर गेल्यावर मुलांनाही, एका वेळी दोघांना, पंचवीस वर्षांपर्यंत विधवा पेन्शनीच्या पाव भागाएवढी पेन्शन प्रत्येकी मिळते, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

फॉर्म १०डी

पेन्शन मागायचा अर्ज तो हाच. आधारशी जोडलेला मोबाइल हातात असेल तर पोर्टलवरूनच भरता येतो. ऑनलाइन सेवांमध्ये दाव्याचा पर्याय उघडा, बँक खात्याची खात्री करा, १०डी निवडा. पुढे आधारचा ओटीपी येतो. कागदी फॉर्म भरायचा असेल तर तो कंपनीच्या सही-शिक्क्याने भविष्य निधी कार्यालयात जातो. कंपनी बंद पडली असेल, मालक सापडत नसेल, तरी हक्क बुडत नाही. राजपत्रित अधिकारी किंवा तुमचं खातं असलेल्या बँकेचा व्यवस्थापक साक्षांकन करू शकतो. बंद कंपन्यांतल्या माणसांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यातले काही जण वर्षानुवर्षं नुसते बसून राहिलेले असतात.

पेन्शनचा प्रकार निवडताना डोळे उघडे ठेवा. ५८ झाले असतील तर निवृत्तीची पेन्शन. कमी झालेली, लवकर घ्यायची पेन्शन असेल तर ती कुठल्या तारखेपासून हवी, हेही विचारलेलं असतं. ती तारीख विचार करून लिहा, कारण आणखी काही महिने थांबलात तर वयाचं एक वर्ष पूर्ण होऊन ४ टक्के वाचत असतील. अठ्ठावन्न उलटून गेल्यावर उशिरा अर्ज केला तर मागची थकबाकी मिळते. लवकरच्या पेन्शनीत मात्र अर्जाआधीचे महिने मिळत नाहीत.

सोबत लागतं ते असं: दोघांचा एकत्र फोटो, आधार, पॅन, नाव आणि आयएफएससी स्पष्ट दिसणारं बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश, मुलांच्या जन्माचे दाखले, आणि स्कीम सर्टिफिकेट घेतलं असेल तर ते मूळ. फोटो स्टुडिओत जाऊन नीट काढा, मोबाइलवरचा कापलेला नको. बँक खातं एकट्याचं असो वा पत्नीबरोबर, पण चालू हवं; वर्षभर व्यवहार न झालेलं खातं देऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीकृत पद्धतीने पेन्शन वाटली जाते, त्यामुळे खातं कुठल्याही बँकेत, कुठल्याही गावात चालतं. निवृत्तीनंतर गावाकडे, सटाण्याला किंवा चोपड्याला, राहायला जाणाऱ्यांना पूर्वी कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात हलवावे लागायचे, तो त्रास संपला.

अर्ज अडकला तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर लिहा, पावतीचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार मोजक्या शब्दांत लिहायची: यूएएन, दाव्याचा क्रमांक, अर्जाची तारीख, आणि नेमकं काय अडलंय. दर महिन्याच्या २७ तारखेच्या आसपास भविष्य निधी कार्यालयाचा जिल्ह्या-जिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हा कार्यक्रम असतो, तिथे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं.

मंजुरी झाली की पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, येतो. त्यावरचं नाव, जन्मतारीख, जोडीदाराचं नाव आणि सेवेची वर्षं लगेच वाचा. सूत्राने तुम्ही काढलेला आकडा आणि त्यावरचा आकडा यात फरक दिसला, तर त्याच आठवड्यात लेखी विचारा.

त्यानंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला. नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. ईपीएसमध्ये दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. सेतू-सीएससी केंद्रात, बँकेत, पोस्टमनकडून घरीच, किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे काम करून झिजले आहेत त्यांना चेहऱ्याची सोय खरंच उपयोगी पडते. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, दिला की थकबाकीसह सुरू होते.

पीपीओच्या दोन प्रती काढा. एक जोडीदाराच्या कपाटात ठेवा आणि तिच्या वहीत पीपीओ क्रमांक, यूएएन, बँकेचं नाव लिहून द्या. तुमच्या पश्चात तिला हाच फॉर्म १०डी भरायचा आहे, मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं बँक खातं जोडून. ते खातं तिच्या एकटीच्या नावाने आजच उघडा.